सूर्यफुलाचा बेवड (पुढच्या पिकावर होणारा परिणाम)

सूर्यफूल कमी पाण्यात येतं, पण कमी पाणी पितं म्हणून नव्हे. त्याचं सोटमूळ दीड-दोन मीटर खाली जातं आणि उथळ मुळांच्या पिकांच्या हाती न लागलेली ओल ओढून घेतं. म्हणजे पुढच्या पिकाची ओल यंदाच संपते. कोरडवाहू रानात फेरपालट ठरवताना हे आधी धरायला हवं.

म्हणून सूर्यफूल काढल्याबरोबर शिल्लक ओलीच्या भरवशावर हरभरा किंवा करडई पेरू नका. करडई तर तितकीच खोल जाते आणि तिला तिथे कोरडी मातीच मिळते. एक हंगाम रान मोकळं ठेवून, जमीन ओलीने भरल्यावर बाजरीसारखं कमी मुदतीचं पीक घ्या.

जमीन भरली की नाही, हे वरच्या चिखलावरून कळत नाही. बोटाएवढी जाड, दीड मीटर लांब लोखंडी सळई घ्या आणि मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी पाच-सहा ठिकाणी सरळ खाली दाबा. ओल्या मातीत ती सरकत जाते, कोरड्या थराला लागली की अडते. खणकन वाजली तर दगड आहे, हातभर सरकून पुन्हा बघा. ६० सेंटिमीटरच्या आत अडत असेल, तर लांब मुदतीचं पीक धरू नये असं आमचं ठाम मत आहे.

त्याच रानात सूर्यफूल पुन्हा ३-४ वर्षांनीच. करप्याची बुरशी जुन्या अवशेषांवर टिकते, केवडा या बुरशीच्या रोगाचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं राहतात. खोडकुजीचं मात्र वेगळं आहे. वाळलेलं खोड बुडाशी उभं चिरलं की आत कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसतात. ही बुरशी ज्वारी, मका, सोयाबीनवरही जगते, त्यामुळे नुसत्या फेरपालटीने ती जात नाही. दाट पेरणी आणि दाणे भरताना पडणारा ताण तिला फावतो. विरळणी वेळेवर करा.

आधीच्या मक्यात किंवा ज्वारीत ॲट्राझिन हे तणनाशक मारलं असेल, तर ते लिहून ठेवा. कोरड्या वर्षी ते मातीत सावकाश विरतं आणि सूर्यफुलाची रोपं पानांच्या कडेपासून करपतात.

काढणीनंतर खोडं जाळू नका, पिकाने उचललेलं बरंच पालाश (पोटॅश) त्यांतच असतं. सूर्यफुलाचा पाचोळा मुळात थोडा, म्हणून खोडं पुढच्या मशागतीपर्यंत उभी ठेवली तर वाऱ्याने माती कमी उडते. निरोगी असतील तर मग बारीक करून रानातच मिसळा. सांडलेल्या बियांची उगवण पुढच्या पिकात दिसली की फुलण्याआधी उपटा, नाहीतर रोग तिच्यावरच पुढच्या हंगामापर्यंत तग धरतात.