तुम्ही उद्या 'कन्व्हिनियंट' आहात का?

चीनमधील एका विद्यार्थिनीला मी आठवड्यातून दोनदा ऑनलाइन इंग्रजी शिकवते. मध्यंतरी तिचा संदेश आला, 'आर यू कन्व्हिनियंट टुमॉरो ॲट सेव्हन?' तिकडचे सात म्हणजे आपल्याकडचे साडेचार. वेळ सोयीची होती, पण मी स्वतः 'सोयीची' आहे की नाही, हे काय कळवावे ते चटकन सुचेना.

या चुकीचे मूळ 'फांगप्येन' या चिनी विशेषणात आहे. ते माणसालाही लावता येते, त्यामुळे 'नी फांगप्येन मा?' म्हणजे शब्दशः 'तू सोयीचा का?' असा प्रश्न तिकडे सहज विचारला जातो आणि त्याचा अर्थ 'तुला जमेल का?' एवढाच असतो. इंग्रजीत मात्र कन्व्हिनियंट असते ती वेळ, जागा किंवा व्यवस्था, आणि माणूस येतो तो 'फॉर'चा हात धरून: 'इज सेव्हन कन्व्हिनियंट फॉर यू?' मराठी माणूस सहसा इथे अडखळत नाही, कारण 'तुम्हाला सोयीचे आहे का?' असे विचारताना आपणही माणसाला कर्तेपण देत नाही.

फांगप्येनचा पसारा मोठा आहे. झटपट शिजणाऱ्या नूडल्सना 'फांगप्येन म्येन' म्हणतात, हात 'फांगप्येन' नसणे म्हणजे पैशांची चणचण असणे, आणि जेवणाच्या टेबलावरून कोणी 'जरा फांगप्येन करून येतो' म्हणत उठला, तर तो शौचालयाकडे निघालेला असतो. (ब्रिटिशांनीही सार्वजनिक शौचालयाला 'पब्लिक कन्व्हिनियन्स' म्हणावे, हा योग मला फार गमतीचा वाटतो.) बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांत हाच शब्द संस्कृत 'उपाय' या संज्ञेसाठी येतो, कुमारजीवाने इसवी सन 406 मध्ये केलेल्या सद्धर्मपुंडरीकसूत्राच्या अनुवादातील दुसऱ्या प्रकरणाचे शीर्षकच 'फांगप्येन' आहे, आणि तेथे त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या कुवतीनुसार शिकवण्याची हातोटी असा होतो.

तिला सर्वांत अवघड गेला तो या इंग्रजी विशेषणाचा तिरकस अर्थ. बिल आले की नेमके पाकीट घरी विसरणाऱ्या माणसाला उद्देशून म्हटलेले 'हाऊ कन्व्हिनियंट!' तिला कौतुकाचे वाटले होते. आपल्याकडे 'तो सोयीस्करपणे विसरला' या वाक्यात जी बोच आहे, ती फांगप्येनमध्ये नाही, म्हणून मला अशी चार-पाच उदाहरणे रचून द्यावी लागली.

पुढच्या आठवड्यात तिचा गृहपाठ झालेला नव्हता. आदल्या रात्री इंटरनेट बंद होते, असे तिने लिहिले, आणि मी काही उत्तर देण्याआधीच खाली आणखी एक ओळ उमटली, 'व्हेरी कन्व्हिनियंट, आय नो.'