बरडावरची झाडं: सातवा बहावा आणि बांबूच्या काठ्या

काल सकाळी सातवा बहावा गेला. दोन दिवस पानांनी मान टाकली होती, म्हणून खोड हलवून पाहिलं तर अख्खं रोप हातात आलं. मातीलगत साल गोल फिरवून खाल्लेली, आत ओली माती भरलेली. वाळवी.

मागच्या नोंदीत पहिले चार गेले तेव्हा मी दोष पाण्याला दिला होता. आमचा मुरूम ओल धरत नाही, म्हणून ठिबकचे तासाला ४ लिटरचे ड्रिपर काढून ८ चे बसवले. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

या वेळी रोप फेकलं नाही, आळं पूर्ण उकरलं. रोपाला खेटून रोवलेल्या बांबूचं टोक जमिनीत भुसा झालं होतं. वर काठीवर मातीचा थर चढलेला, आणि सुतळीची गाठ होती तिथून तोच थर खोडावर उतरलेला. शेजारच्या रानातले आजोबा शेळ्या घेऊन चालले होते. बांधावरूनच म्हणाले, "आवं, झाडाला न्हाई लागली ती. काठीला लागलीया. झाड वाटंत आलं."

मग दिवसभर एकेक आळं तपासलं. गेलेल्या सातही रोपांना काठी होती. जुलैत काठ्या संपल्या म्हणून खालच्या तालीतली, म्हणजे बांध घातलेल्या पट्टीतली, ३१ रोपं तशीच राहिली होती. त्यातलं एकही गेलेलं नाही. त्या तालीत ओल जास्त टिकते, तेव्हा सगळं श्रेय काठी नसण्याला देता येत नाही. पण वाळवीला मुळात वाळलेलं लाकूड आणि गवत हवं असतं. जिवंत रोपाकडे ती बहुतेक वेळा ते तहानलेलं किंवा जखमी असलं की वळते. मी वाळका बांबू रोपाशेजारी रोवला, वर कुसळी गवताचं आच्छादन थेट खोडापर्यंत सारलं. खाणं, सावली आणि ओल तिला एकाच जागी मिळाली.

दुकानात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ओतायला सांगितलं. नाही ओतणार. या बरडावर काटक्याकुटक्यांची माती करायला हीच वाळवी राबते, आणि मला झाडांइतकीच माती हवी आहे. बांबूला जळकं ऑइल फासायचा सल्लाही मिळाला. ते पावसात मुळांकडेच उतरणार. निंबोळी पेंड मात्र घालतोय, आळ्याला दोन मुठी. पेंड घेताना पोत्यात हात घाला, वास घ्या, चिमूटभर जिभेला लावा. गेल्या वर्षी मला मिळालेलं पोतं निम्मं टरफल आणि माती होतं, कडू लागतच नव्हतं.

आच्छादन सगळीकडे खोडापासून वीतभर मागे ओढलं आणि काठ्या उपटायला घेतल्या. ५८ निघाल्या. त्यांच्या जागी ८ मिमीच्या सळया घालायच्या असं ठरवून दरही विचारून आलो होतो. पण काठी काढताच पाच फुटी रोपं वाकली, आणि त्यांच्याच ओळीत लावलेली दीड फुटी ताठ उभी राहिली. गेलेल्या बहाव्याचं मूळ धुऊन पाहिलं तर रोपवाटिकेच्या पिशवीत मुळांना पडलेला वेढा तसाच होता. सळया रद्द! वाऱ्यात हलणारं खोड बुंध्याशी जाड होतं, बांधून ठेवलेलं नुसतं उंच जातं. येत्या जूनला रोपवाटिकेतून दीड फुटांच्या वरचं एकही रोप आणणार नाही. बहावा तर बियांपासूनच करावा म्हणतो: शेंगा फोडून बिया पॉलिश पेपरवर घासायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि पाऊस धरला की थेट आळ्यात टोकायच्या. सोटमूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली जाईल.

एक आनंदाची बातमी राहिली. बियांपासून केलेला आपटा शेळीच्या तोंडाच्या वर गेला. तीन वर्षांत दोनदा मुळापर्यंत खाल्ला गेला होता. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण काढलं आणि पहिल्यांदा त्याच्या सावलीत टेकलो, जेमतेम डोक्यापुरती होती.

सातव्या बहाव्याचं मूळ धुऊन परत पुरलं आहे. नखाने खरवडलं तर एका बाजूची साल खाली हिरवी निघाली, आणि बहावा खुंटातून फुटतो. बाजूला तीन दगड रचलेत, गवत कापताना विळा लागू नये म्हणून.