राधानगरीच्या वाटेवर: पड रानाचे पैसे कोण देणार?

कोल्हापूरची फुलेवाडी सोडली की भोगावतीच्या खोऱ्यात नजर जाईल तिथं ऊस. राधानगरीच्या पुढं मात्र रान बदलतं. खाली भाताची खाचरं, उतारावर नाचणी आणि वर दाजीपूरचं जंगल. ३५१ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मला बघायची होती ती त्याच्या कडेची मालकीची रानं.

एका वाडीत भेटलेल्या शेतकरी मामांनी आधी नाचणी दाखवली. ताटं आडवी झालेली, ओल्या मातीत गव्याचे खूर खोल उमटलेले. "पंचनामा हुतोय, पैसं बी येत्यात. पर खायाला नाचणी कुठनं आणायची?"

वरचा तुकडा त्यांनी पडच ठेवलाय. करवंदीची जाळी काठीनं बाजूला सारली, तर आत जांभळाची आणि हिरड्याची गुडघाभर रोपं! कुणी लावलेली नाहीत. काट्यांमुळं गुरांचं तोंड तिथवर पोचत नाही, म्हणून जगली. जंगल असंच परत येतं, हे बघून मला फार आनंद झाला. पण हे रान राखल्याबद्दल मामांना कुणी काही देत नाही. उद्या तिथं काजू लावला, तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असं अनुदान मिळू शकतं. योजना चांगलीच आहे, पण ती कलमांसाठी आहे आणि इकडं कमाल मर्यादा ६ हेक्टर.

इंग्लंडमध्ये २०२२ साली सरकारनं निसर्ग परत उभा करण्यासाठी 'लँडस्केप रिकव्हरी' योजना सुरू केली, ती ५०० ते ५,००० हेक्टरांच्या प्रकल्पांसाठी. शेजारपाजारचे शेतकरी आणि जमीनमालक एकत्र येऊन अर्ज करतात. आधी आराखड्याला पैसे, मग २० वर्षं किंवा त्याहून लांबचा करार, त्यात खाजगी पैसाही. पहिल्या फेरीत २२ प्रकल्प निवडले गेले.

आपल्याकडं हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगेकाठी सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण विसरलेलो नाही. डोंगरात झाडी वाढली म्हणून तसा महापूर टळेल, असं मी म्हणणार नाही. पण उतारावरची माती जाग्यावर राहील, झरे उन्हाळ्यात जास्त दिवस टिकतील. त्याचा फायदा खाली शहराला आणि उसाला, मग खर्च एकट्या डोंगरकडच्या शेतकऱ्यानं का सोसायचा?

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वीस वर्सं म्हंजे माज्या पोराला इचारायला पायजे. आन् सातबाऱ्यावर भावांची नावं हाईत, ती मुंबैला."

खरी अडचण तीच. म्हणून करार वाडीच्या गटाशी हवा, वारसांची तरतूद त्यात आधीच लिहिलेली हवी, आणि पहिला हप्ता पेरणीच्या आधी प्रत्येकाच्या खात्यावर पडायला हवा.