उघड्या आभाळाची थंडी

मार्गशीर्ष वद्य पंचमी, सायंकाळ

दुपारपासून वारा पडला आहे आणि आभाळात ढगाचा ठिपकाही नाही. वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. शेजारचे काका कुंपणापलीकडून एवढेच म्हणाले, "भाऊ, वारा पडला ना, आज गारठते पाहा." उत्तरेचा वारा सुटला की आपण खिडक्या लावतो आणि कान बांधतो; परंतु झाडांना आणि जनावरांना अधिक बाधते ती अशी शांत, निरभ्र रात्र. जमिनीने दिवसभर साठवलेली उष्णता रात्री वर निघून जाते, तिला अडवायला ढग नसतात, आणि गार झालेली जड हवा सखल जागी साचून राहते. म्हणून यंदाची तयारी मी भिंतींपेक्षा वरच्या आडोशाकडे लक्ष ठेवून केली.

नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. शून्याच्या वर पारा असताना दव गोठावे कसे, असे अनेकांना वाटते. पण वेधशाळेचे तापमापक जमिनीपासून बरेच उंच, पेटीत असते, आणि निरभ्र रात्री गवताच्या पात्यालगतचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी भरते. दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडते ते तिथे.

सर्वाधिक वेळ गोठ्याने घेतला. गोठ्यावर टीन आहे, आणि टीन रात्री बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते. जनावरांच्या श्वासातली वाफ त्याला आतून लागते, तिचे थेंब होतात आणि पहाटे ते नेमके वासराच्या पाठीवर टपकतात. ओली पाठ आणि गारठा एकत्र आले की वासरू खोकू लागते. त्यामुळे टिनाखाली वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे बांधले आणि त्यांवर पऱ्हाट्या पसरल्या. उत्तरेच्या बाजूला बारदाने शिवून पडदा केला. मात्र छपराखालची फट मुद्दाम उघडी ठेवली. गोठा डबीसारखा बंद केला तर मुताची वाफ आणि ओल आतच कोंडते, आणि ते थंडीहून वाईट. वासराखाली कुटाराचा जाड थर दिला आहे. ओले झालेले कुटार रोज सकाळी काढावे लागेल, नाहीतर त्याचा उपयोग उलटा होईल. कोंबड्यांच्या खुराड्यावर जुनी ताडपत्री टाकली, तेवढे त्यांना पुरे.

अंगणाच्या उतारावर, सखल कोपऱ्यात, यंदा लावलेल्या संत्र्याच्या कलमा आहेत. जागा निवडताना पाण्याची सोय पाहिली होती, गार हवा कुठे साचते हे कोण पाहतो! प्रत्येक कलमेभोवती तुराट्या रोवून वरून बारदान टाकले. ते पानांना टेकणार नाही, पण कडा जमिनीपर्यंत येतील असे पाहिले, म्हणजे मातीची ऊब आत राहील. आग्नेयेची बाजू सकाळी उघडायची, ऊन आत येऊ द्यायचे. काही जण कलमेच्या बुडाशी कोरड्या पाल्याचा जाड थर घालतात. त्याने मुळे सांभाळली जातात हे खरे. पण कोरडा पाला मातीची उष्णता वर येऊ देत नाही, आणि त्यावरची पाने अधिकच गारठतात. एरवी मी पाल्याचा कैवारी आहे, पण या दिवसांत तो जरा बाजूला सारून माती उघडी ठेवतो आणि दुपारी तिला हलके पाणी देतो. ओली काळी माती दिवसा जास्त ऊब साठवते.

मोठ्या झाडांना मात्र पाणी देता येत नाही. ती आंबियासाठी, म्हणजे थंडीच्या अखेरीस येणाऱ्या बहारासाठी, ताणावर आहेत; त्यांचे पाणी मुद्दाम तोडले आहे. आता पाणी सोडले तर ताण मोडेल आणि फुलण्याचे गणित बिघडेल. वाढलेले झाड थोडा गारठा सोसते, यावर मी भिस्त ठेवली आहे. धुऱ्यावर ओला कचरा पेटवून धूर करण्याची रीत जुनी आहे, पण धुराचे बारीक कण जमिनीची उष्णता फारशी अडवत नाहीत. त्यात डोळेच अधिक चुरचुरतात, असे माझे मत झाले आहे.

घरात काम थोडेच होते. माकडांनी सरकवलेले कवेलू बसवले, रजयांना ऊन दाखवले. आईला खोलीत निखाऱ्यांची शेगडी हवी असते. ती ओसरीवरच शेकावी आणि झोपताना आत नेऊ नये, यावर आज पुन्हा वाद झाला. बंद खोलीत कोळशाचा वायू साचतो, त्याला ना रंग ना वास, हे तिला पटते. पाय गार पडले की पटत नाही. शेवटी गरम पाण्याच्या पिशवीवर तडजोड झाली.

राहिली नाल्याकाठची तूर. शेंगा भरत आहेत आणि एवढ्या शिवाराला बारदान कुठून आणणार? दिवसा ओलीत करता आले असते तर जमीन थोडी ऊब धरून राहिली असती, पण या आठवड्यात शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आहे. मध्यरात्री मोटर सुरू करायला जायचे की नाही, हे जेवणानंतर काकांना विचारून ठरवीन; त्यांचीही तूर त्याच नाल्याला लागून आहे.