तिकिटावरचा दीड तास

डिसेंबरात बाबांना तपासणीसाठी नागपूरहून मुंबईला न्यायचं होतं. त्यांच्या डाव्या पायात मागे रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, सलग दीड-दोन तासांच्या वर बसवून ठेवू नका. समृद्धी महामार्ग झाला तरी 701 किलोमीटर गाडीत बसणं आलंच. रेल्वेनं 837, म्हणजे अख्खी रात्र, आणि हलत्या डब्यात बाबांचा तोल जातो. उरलं विमान.

नागपूर-मुंबई हवाई अंतर साधारण 685 किलोमीटर. ताशी 800 धरून मी पाऊण-एक तासाचा हिशोब मांडला. तिकिटावर मात्र 1 तास 35 मिनिटं! मग उलगडलं: तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं सगळं त्यातच. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. गर्दी झाली की वर घिरट्या. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे असतात, म्हणजे जाताना समोरून.

रात्री बाबांना हे सांगत बसलो. ते डाक खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना भलतंच आठवलं. "अरे, 1949 मधी रात्रीची टपाल विमानं सुरू झाली ना, ती आपल्या सोनेगाव विमानतळालेच भेटत. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास. मध्यरात्री थैल्यांची अदलाबदल, अन् आपापल्या गावाले वापस." मी नकाशावर मोजलं: दिल्ली 855, मद्रास 910, कलकत्ता 985 च्या आसपास. नागपूर मधोमध आहे हे लहानपणापासून ऐकलं होतं, ते त्या रात्री खरं वाटलं.

विमान सव्वासहाचं. महाल भागातल्या घरून पहाटे चारला निघालो. तिकीट काढतानाच कडेची जागा आणि व्हीलचेअर मागून ठेवली होती. पण व्हीलचेअर म्हणजेही बसणंच, हे माझ्या तिथं पोचल्यावर लक्षात आलं. मग गेटसमोर दर अर्ध्या तासानं त्यांना उठवून खांबापर्यंत दोन फेऱ्या. विमानात ते बुटात घोटा वर-खाली करत राहिले, मी डायरीत वेळा टिपत होतो. 6:34 ला चाकं उचलली, 7:46 ला टेकली. हवेत 1 तास 12 मिनिटं. व्हीलचेअरवाल्यांना शेवटी उतरवतात. बाहेर पडायला साडेआठ झाले आणि दवाखान्याच्या दारात 9:50. घरापासून 5 तास 50 मिनिटं.

म्हणून ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना कळकळीनं सांगतो, अपॉइंटमेंट साडेदहाच्या आधीची घेऊ नका. इन्सुलिन असेल तर हातातल्या पिशवीतच ठेवा, खालच्या सामानात ते गोठू शकतं.

परतताना वारा पाठीशी होता, हवेतला वेळ 1 तास 3 मिनिटं. सोनेगावला उतरल्यावर बाबांनी व्हीलचेअर नको म्हटलं आणि माझा हात धरून दारापर्यंत चालत आले. घरी आल्यावर मोजा काढून पाहिला. घोट्यावर सूज नव्हती.