तुम्ही विचारलंत म्हणून: प्ले स्कूल की सांभाळायला ताई?

"मुलगी पावणेदोन वर्षांची आहे, सासूबाई आता गावी परत जाणार. प्ले स्कूलला घालू की घरी सांभाळायला बाई ठेवू?" वय सहा महिने इकडेतिकडे होतं, सासूबाईंच्या जागी आई येते, पण प्रश्न हाच असतो. माझं काम बालवाडीचं, त्यामुळे मी शाळेच्याच बाजूने बोलणार असं विचारणारे धरून चालतात. प्रत्यक्षात बहुतेकांना आधी एवढंच सांगावं लागतं की प्ले स्कूल ही मूल सांभाळण्याची सोयच नाही.

हिशेब करून बघा. प्ले ग्रुप भरतो अडीच, फार तर तीन तास. बोरिवलीला घर आणि चर्चगेटला ऑफिस असेल तर फास्ट लोकलमध्येच तासभर जातो. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस धरलं, तर सकाळी आठला निघालेलं माणूस संध्याकाळी साडेसातच्या आत दारात नसतं. हे झाले साडेअकरा तास. शाळेने तीन घेतले तरी साडेआठ उरले. वर गणपती, दिवाळी, नाताळ आणि अख्खा मे महिना शाळा बंद. म्हणून एक कागद घ्या, सोमवार ते शनिवारचे उभे रकाने पाडा, सकाळी सात ते रात्री आठचे तास आडवे लिहा आणि प्रत्येक घरात मूल कोणाच्या हातात असेल त्याचं नाव घाला. रिकाम्या राहिलेल्या घरांसाठी सोय शोधायची आहे. तिथे निवड होते ती घरची ताई आणि पाळणाघर यांच्यात. शाळा हा त्यावरचा वेगळा विषय आहे, त्याला अडीच-तीन वर्षांपर्यंत घाई नाही.

या दोन सोयी नेमक्या उलट बाजूंनी कोसळतात. ताई आजारी पडली की घर अडतं, मूल आजारी पडलं की पाळणाघर अडतं. कुठली सोय चांगली हे विचारण्याआधी, कुठली सोय कोसळल्यावर तुमच्याकडे धावून येणारं माणूस आहे ते विचारा. महिन्यातून एखादा दिवस घरून काम करता येत असेल, शेजारी भरवशाचे असतील, तर ताईची अचानक सुट्टी निभावते. पण मुलाच्या तापासाठी लागोपाठ चार दिवस रजा मिळणार नसेल, तर एकट्या पाळणाघरावर विसंबणं अवघड आहे.

कारण ताप येणारच. घोळक्यात जाणाऱ्या लहान मुलाला पहिल्या वर्षी आठ-दहा वेळा सर्दी-खोकला होणं हे दुखणाईतपणाचं लक्षण नाही, ते सर्वसाधारण आहे. त्यातला मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्ये येतो. हात-पाय-तोंडाचा आजार पावसाळ्यात एका मुलाला झाला की आठवड्याभरात गटात फिरतो, आणि फोड सुकेपर्यंत मूल घरी ठेवावं लागतं. बरं पाळणाघर औषध न देता २४ तास ताप नसल्याशिवाय मुलाला आत घेत नाही. हा नियम आईबापांना जाचतो, पण जिथे तो नाही तिथे मूल घालूच नये. तापाचं मूल सर्रास घेणारं पाळणाघर तुमच्या मुलाला दुसऱ्याचा तापही तितक्याच सहज देतं. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर दर वर्षी घेता येते, ती पावसाळ्याआधी घ्या, कांजिण्यांच्या लसीबद्दलही डॉक्टरांशी बोलून घ्या.

आता वय. पहिल्या वर्षात शक्य असेल तर घरचं माणूस किंवा घरी येणारी एकच ताई बरी. आठ महिने ते दीड वर्ष हा काळ मुलाला परक्या हातात देण्यासाठी सर्वांत कठीण. मूल तेव्हा रडतं कारण आई नजरेआड झाली हे त्याला आता कळू लागलेलं असतं. या वयात नवीन सोय लावावीच लागली तर वेळ जास्त द्या, सोय बदलू नका. दीड-पावणेदोननंतर लहान पाळणाघर छान रुजतं. "मुलांमध्ये मिसळायला हवं" म्हणून दीड वर्षाच्या बाळाला प्ले ग्रुपला पाठवण्याचं मात्र काही कारण नाही. या वयाची मुलं एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळतात, एकत्र खेळ पुढे येतो. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात तासभर सोडलंत तरी तेवढी सोबत मिळते.

घरी ताई ठेवायची ठरली तर पहिला निर्णय कामाचा. मूल सांभाळायला ठेवलेल्या बाईला पोळ्या लाटायला, भांडी घासायला आणि कपडे वाळत घालायला लावलं की मूल मोबाइलसमोर बसतं. मग दोष बाईवर येतो. मुलाचं खाणं, त्याचे कपडे, त्याची खोली एवढंच तिचं काम, बाकीला वेगळी वरकामाची बाई. ते परवडत नसेल तर पोळ्या विकत आणा. मोबाइलबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. हे ताईला सांगायचं आणि रात्री जेवताना आपणच कार्टून लावायचं, हे चालत नाही.

पैशाचा हिशेब महिन्याच्या पगारावर थांबवू नका. समजा पगार २०,००० ठरला. दिवाळीला एक पगार बोनस, म्हणजे वर्षाचे तेरा पगार, २,६०,०००. एजन्सीने एका पगाराइतकं कमिशन घेतलं की २,८०,०००. महिन्याला पडले २३,३०० च्या वर. पाळणाघराच्या फीमध्येही डिपॉझिट, वार्षिक शुल्क, उशिरा नेल्याचा दंड आणि मूल आलं नाही तरी कापली जाणारी फी असते. हे सगळं बारा महिन्यांवर पसरून मगच तुलना करा. एजन्सीकडून बाई घेणार असाल तर बदली बाई किती दिवसांत आणि किती वेळा देणार ते लेखी घ्या. "ती गेली तर दुसरी देऊ" याला काही अर्थ नाही, कारण मुलासाठी दुसरी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधार कार्डाची प्रत, गावचा पत्ता, आधीच्या दोन घरांचे फोन आणि जवळच्या पोलीस ठाण्यात पडताळणी, एवढं करा. आधीच्या घरी फोन कराल तेव्हा "बाई कशी होती" असं विचारू नका, चांगलीच म्हणतील. "मूल जेवलं नाही तर ती काय करायची?" आणि "तिने काम का सोडलं?" हे दोन प्रश्न विचारा. चौदा वर्षांखालच्या मुलीला कामाला ठेवणं हा गुन्हा आहे. पंधरा-सोळाची "गावची मुलगी" कायद्याच्या पट्टीत बसली तरी तिच्याकडे बाळ सोपवू नका, ती स्वतःच लहान आहे. सुट्ट्या आधीच मांडून घ्या. ताई कोकणातली असेल तर गणपतीला आणि शिमग्याला ती गावी जाणारच, अडवून धरण्यात हशील नाही. त्या दिवसांच्या तुमच्या रजा जानेवारीतच टाकून ठेवा.

तिच्या पहिल्या पंधरा दिवसांत घरचं कोणीतरी घरी हवं. तीन-चार दिवस ती फक्त बघते आणि मुलाशी खेळते. पुढचे चार-पाच दिवस ती करते, तुम्ही बघता. मग तुम्ही तासभर खाली जाता, मग अर्धा दिवस. फ्रीजवर मोठ्या अक्षरांत डॉक्टरांचा नंबर, दोन शेजाऱ्यांचे नंबर आणि १०८ लिहा. वाचता येत नसेल तर तिच्या फोनमध्ये फोटोसकट सेव्ह करा. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं ही यादी तोंडी पाठ करून घ्या, कारण चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात हेच अडकतं. आणि तापाचं औषध. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिग्रॅ असतात, सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा २५० मिग्रॅ. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर डोस दुप्पट ते चौपट होतो. म्हणून घरात एकच बाटली ठेवा, मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं माप तिच्यावर चिकटवा, आणि तुम्हाला फोन केल्याशिवाय द्यायचं नाही असा नियम ठेवा. काढून ठेवलेलं आईचं दूध मुंबईच्या उकाड्यात बाहेर राहू देऊ नका. ते लगेच फ्रीजमध्ये, दारात नाही तर आतल्या बाजूला, आणि २४ तासांत संपवायचं.

कॅमेरा लावणार असाल तर तिला सांगून लावा, आणि ती कपडे बदलते तिथे कधीही नको. कॅमेऱ्यात मूल पडलेलं दिसतं, त्याला उचलायला माणूसच लागतं. आजी-आजोबा घरी असतील तर आजींची देखरेख आणि ताईचे हात ही मुंबईतली सर्वांत टिकणारी व्यवस्था. सत्तरीच्या गुडघ्यांनी बारा किलोचं मूल दिवसभर उचलायचं, ही अपेक्षाच चुकीची. फक्त ताईला सूचना कोण देणार ते एकदाच ठरवा. दोन मालकिणी झाल्या की ती महिन्यात जाते.

पाळणाघर बघायला सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळीच चांगली दिसतात. दुपारी साडेबारा-एकला, जेवण आणि झोपेच्या वेळी जा, आणि एकदा संध्याकाळी सहाला, सांभाळणाऱ्या थकलेल्या असताना. टीव्ही चालू आहे का? न जेवणाऱ्या मुलाला काय म्हणतात? लंगोट कोण बदलतं आणि नंतर हात कुठे धुतं? चादर प्रत्येकाची वेगळी आहे का? गॅसच्या खोलीला दार आहे का, खिडक्यांना ग्रिल आहे का, मुख्य दाराची कडी मुलाच्या हाताबाहेर आहे का? दीड वर्षाखालच्या चार मुलांमागे एक आणि दोन-अडीचच्या सहांमागे एक माणूस, यापेक्षा माणसं कमी असतील तर मी दुसरं पाळणाघर बघा म्हणेन. भिंतीवरची चित्रं आणि रंगीत घसरगुंडी बघून पैसे भरणारे बरेच असतात. मी आधी संडास बघते.

मुंबईत जागेचा निर्णय पाऊस करतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि लोक रात्रभर वाटेत अडकले. तसा दिवस रोज येत नाही, पण रुळांखालून जाणारा अंधेरी सबवे दर पावसाळ्यात बंद होतो. म्हणून रुळांच्या ज्या बाजूला घर आहे त्याच बाजूला पाळणाघर घ्या. घर पूर्वेला असेल तर पूर्वेला, चालत पोचता येईल असं. रूळ ओलांडावे लागले तर नेमक्या त्या दिवशी मूल पलीकडे अडकतं. तळमजल्यावरच्या जागेत पाणी शिरतं का हे शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो खरं सांगतो. मूल न्यायला येऊ शकतील अशा तीन माणसांची नावं आणि फोटो पाळणाघरात देऊन ठेवा, त्यातलं एक तरी तुमच्याच इमारतीतलं असू दे.

ऑफिसचं पाळणाघर हा पर्याय अनेकजणी विचारातच घेत नाहीत. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. राजीनाम्याचं पत्र लिहिण्याआधी एचआरला लेखी विचारा. अडचण प्रवासाची आहे. नऊच्या गर्दीत बाळ घेऊन लोकलमध्ये चढणं शक्य नाही, तेव्हा घर जवळ असेल किंवा ऑफिसची गाडी असेल तरच हे जमतं.

पाळणाघरात रुळायला तीन आठवडे धरा. पहिले तीन दिवस तुम्ही तासभर तिथेच बसा. चौथ्या दिवशी "मी येते" सांगून वीस मिनिटं बाहेर. दुसऱ्या आठवड्यात जेवणाआधीपर्यंत, तिसऱ्यात झोपेसकट. मूल खेळात रमलं म्हणून गुपचूप सटकू नका, दुसऱ्या दिवसापासून ते तुमचा पदर सोडत नाही. सोडताना रडून दहा मिनिटांत शांत होणं ठीक आहे, घरी येऊन चिडचिड करणंही ठीक. दिवाळीच्या सुट्टीनंतर रडणं परत येतं, तेही ठीक. पण चौथ्या आठवड्यानंतरही खाणं सुटलेलं, रात्री दचकणं, एका ठराविक माणसाकडे जायला नकार, बोलणारं मूल गप्प होणं किंवा कारण न सांगता येणारे वळ, यातलं काही दिसलं तर चौकशी नंतर, मूल आधी घरी. ताईच्या बाबतीतही हेच.

शाळेबद्दल थोडंसं. राज्यात नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण लागतात, पहिलीसाठी सहा. त्यामुळे दीड वर्षाचा प्ले ग्रुप केल्याने मूल कुठेही पुढे पोचत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा मुलांच्या हातात बिया, पानं, शिंपले होते. आज तुम्ही पाहायला गेलेल्या वर्गात अडीच वर्षांच्या मुलाकडून रेषेत अक्षरं गिरवून घेत असतील तर उठून या, त्या हाताचे स्नायू अजून त्यासाठी तयार नाहीत. माती, पाणी, गाणी, गोष्टी आणि मोकळी जमीन दिसली तर थांबा.

आणि अडीच-तीनला शाळा सुरू झाली की ताईचे तास अर्धे करून पगारही अर्धा करायचा मोह होतो. ती दुसरं पूर्ण दिवसाचं काम बघते आणि तुमची संध्याकाळ उघडी पडते. सकाळचे ते तीन तास तिला मोकळे द्या किंवा मुलाचा डबा, कपडे आणि शाळेत ने-आण तिच्याकडे द्या, पण पगार तोच ठेवा. मे महिन्यात शाळेला कुलूप असेल तेव्हा तिचा पूर्ण दिवस लागणारच आहे.