शिडीपाशी कुणीच नाही

पायलटला, म्हणजे बंदरातल्या पाण्यातून जहाज बाहेर काढणाऱ्या वाटाड्याला, उतरवून देणं हे माझं कित्येक वर्षांचं काम होतं. जहाज बंदराबाहेर आलं की ड्यूटीवरच्या मेटनं (कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानं) शिडीपाशी जायचं, दोर तपासायचे, लाइफबॉय (बुडणाऱ्याला फेकायचं तरंगतं कडं) हाताशी ठेवायचा आणि पायलट खालच्या बोटीत नीट पोचला की वॉकीटॉकीवर ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीला, कळवायचं. कप्तान ब्रिज सोडत नाही. त्यामुळे जॉन टेनिएलचं 'ड्रॉपिंग द पायलट' (पायलटला उतरवताना) हे व्यंगचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा राजकारण राहिलं बाजूला, माझं लक्ष आधी शिडीकडे गेलं.

ते लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात २९ मार्च १८९० रोजी आलं. जर्मनीच्या कैसरनं, म्हणजे सम्राटानं, आपल्या चान्सलरला नुकतंच पदावरून काढलं होतं. चित्रात तो चान्सलर (सरकारचा प्रमुख) बिस्मार्क खलाशाच्या वेषात जहाजाच्या बाजूनं खाली उतरतोय, एक हात जहाजाच्या अंगाला टेकलेला. वर कठड्यावर रेलून मुकुटधारी कैसर विल्हेल्म दुसरा बघतोय. बिस्मार्क ७४ वर्षांचा, कैसर ३१ चा. काढणारा टेनिएल स्वतः ७० चा. म्हाताऱ्याचे ते जड पाय त्याला बरोबर जमलेत.

जाणता माणूस उतरला, आता जहाजाचं काही खरं नाही, असाच अर्थ सगळे लावतात. मला तो अर्धाच पटतो. पायलट उतरतो तो त्याचं काम संपलं म्हणून. बंदरातलं पाणी त्याचं, पुढचा समुद्र कप्तानाचा. म्हणजे हेच चित्र दाखवून विल्हेल्मलाही म्हणता आलं असतं की उथळ पाणी मागे पडलं. गंमत म्हणजे, चित्र यायच्या आठवडाभर आधीच त्यानं एका तारेत लिहिलं होतं: राज्याच्या जहाजावर वॉच ऑफिसरचं (पाळीवरच्या अधिकाऱ्याचं) काम आता माझ्याकडे आलंय, दिशा तीच, फुल स्टीम पुढे! (वॉच ऑफिसर कप्तानाला जबाबदार असतो. हा कुणाला होता?)

जर्मनीत हे चित्र 'पायलट जहाज सोडतोय' अशा अर्थाच्या नावानं ओळखलं जातं. इंग्रजीत त्याला उतरवलं जातं, जर्मनमध्ये तो आपला आपण जातो. बिस्मार्कला काढलं होतं हे जगजाहीर असूनही!

पण मला खटकते ती रिकामी जागा. शिडीपाशी कुणीच नाही. १८९० चे नियम वेगळे असतील, तरी एवढ्या मोठ्या जहाजावर खलाशी नकोत? मला वाटतं, ही टेनिएलची चूक नसावी. 'पंच'च्या वाचकाला राज्य म्हणजे वरची दोन माणसं, एवढंच दिसत असावं. प्रत्यक्षात या दोघांच्या भांडणात कामगारांचा प्रश्न मोठा होता. कामगारांच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या सभा, वर्तमानपत्रं १८७८ पासून कायद्यानं बंद होती. बिस्मार्कला तो कायदा आणखी कडक हवा होता. तरी फेब्रुवारी १८९० च्या निवडणुकीत सगळ्यांत जास्त मतं त्याच पक्षाला पडली. चित्र त्यानंतर पाचेक आठवड्यांनी आलेलं, आणि त्यात या लोकांपैकी एकही नाही.

ते दिसले २८ वर्षांनी. पहिलं महायुद्ध संपत आलेलं असताना, ऑक्टोबर १९१८ च्या शेवटी जर्मन आरमाराला अखेरच्या लढाईसाठी निघायचा हुकूम आला, तेव्हा विल्हेल्म्सहाफेन बंदराजवळच्या जहाजांवर खलाशांनी नकार दिला आणि खाली बॉयलरवाल्यांनी भट्ट्या विझवल्या. बंड कील बंदरात पोचलं, तिथून देशभर. १० नोव्हेंबरला विल्हेल्म सरहद्द ओलांडून हॉलंडमध्ये गेला.